शंकेसाठी वेगळी वही

जॉन स्टाइनबेक १९३८च्या उन्हाळ्यात टेबलाशी बसला की आधी डायरी काढायचा, कादंबरी मागाहून. डायरीत काय? शेजारी घराचं बांधकाम चाललंय, हातोडे थांबत नाहीत. बायकोच्या टॉन्सिल्सचं ऑपरेशन. प्रकाशकाचं दिवाळं वाजलंय. पाहुणे. आणि या सगळ्याखाली एकच रड : आपण लेखक नव्हेच, इतकी वर्षं लोकांना आणि स्वतःलाही फसवत आलो. आदल्याच वर्षी ‘ऑफ माइस अँड मेन’ गाजलं होतं, पण त्याचा धीर मिळायच्या ऐवजी धास्तीच वाढलेली. ही डायरी १९८९मध्ये ‘वर्किंग डेज’ या नावाने छापून आली. तिच्या जोडीने लिहिली जात होती ती कादंबरी म्हणजे ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’.

एवढा मोठा लेखकही घाबरायचा, असा दिलासा या डायरीतून बरेच जण घेतात. घ्यावा. पण कामाची गोष्ट तिच्या थोडी आधी घडली आहे.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याने एक अख्खं हस्तलिखित नष्ट केलं होतं. सालिनास या त्याच्या गावी १९३६मध्ये लेट्यूस-कामगारांचा संप झाला; तो मोडून काढणाऱ्या बड्या मंडळींची त्यात टर उडवली होती. सुमारे साठ हजार शब्द. स्टाइनबेकने कळवून टाकलं की पुस्तक वाईट झालंय : माणसं एकमेकांना कळावीत म्हणून आपण लिहितो, हे मात्र अर्धवट समजुतीवर द्वेष पेरणारं आहे.

शंका दोन्हीकडे होती. एक पानांवर बोट ठेवत होती, दुसरी लिहिणाऱ्यावर. पहिलीचं ऐकून त्याने साठ हजार शब्दांवर पाणी सोडलं. दुसरी डायरीत उतरवून ठेवली आणि दिवसाचे दोन हजार शब्द लिहायला घेतले. लिहिता लिहिता अडलेल्याने आधी हेच तपासावं. ‘तिसऱ्या प्रकरणात आईला एवढा राग का येतो, ते कळत नाही’ असं वाटत असेल, तर ती कामाची शंका. लगेच तिसरं प्रकरण उघडावं. ‘मला हे जमणारच नाही’ हे वहीत लिहून वही मिटावी. (हस्तलिखित मात्र जाळू नये. जुनी फाइल बाजूला ठेवायला पैसे पडत नाहीत.) पुढे १९५१मध्ये ‘ईस्ट ऑफ ईडन’ लिहिताना त्याने ही सवय आणखी पक्की केली : वहीच्या डाव्या पानावर संपादक पास्कल कोविचीला रोजचं पत्र, उजव्या पानावर कादंबरी.

रचनेचा पेच याहून अवघड. ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमीन गमावून, ट्रकात सामान भरून सहासष्ट नंबरच्या महामार्गाने कॅलिफोर्नियाला निघतं. पण निघाले होते लाखो लोक. बँका, ट्रॅक्टर, धुळीची वादळं हे सगळं जोड मंडळींच्या तोंडी घातलं असतं, तर ती वर्तमानपत्र वाचून दाखवताहेत असं वाटलं असतं. स्टाइनबेकने ते बाहेर काढलं. तीस प्रकरणांपैकी सोळांत हे कुटुंब नाहीच. एकात तर नुसतं कासव हमरस्ता ओलांडतं. एक बाई गाडी वळवून त्याला वाचवते, एक ट्रकवाला मुद्दाम त्याच्यावर चाक घालायला बघतो; कवचाची कड चाकाला लागून ते भिरभिरत रस्त्याबाहेर फेकलं जातं, उताणं पडतं, महत्प्रयासाने पुन्हा सुलटं होतं. पायाशी अडकलेलं रानओटचं कणीस पलीकडच्या मातीत गळून पडतं. पुढच्याच प्रकरणात टॉम जोड ते कासव उचलून कोटात गुंडाळतो.

हा कोट महत्त्वाचा. बाहेर काढलेला भाग कथेला कुठेतरी असा टाचावा लागतो, नाहीतर तो चिकटवलेला निबंध होतो.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) वेगळ्या वाटेने जाते. कर्णाला जे ठाऊक असणं शक्य नाही, ते कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली सांगतात. आणि स्वतःचा मृत्यू कर्ण कसा सांगणार? तिथे कृष्ण बोलतो. दिवाळी अंकासाठी कथा लिहिताना मधेच गाडी रुतली, तर रुतलेल्या परिच्छेदाला विचारून पाहावं : यातलं माझ्या पात्राला दिसतंय किती, आणि मीच त्याच्या कानात सांगतोय किती?

स्टाइनबेकचं वेळापत्रक मात्र जसंच्या तसं उचलू नये. कादंबरी मेअखेरीपासून २६ ऑक्टोबरपर्यंत, पाच महिन्यांत हातावेगळी झाली, ती त्याच्या एकट्याच्या शिस्तीवर नव्हे. त्याचं मुंगीएवढं अक्षर लावून सगळं टाइप केलं ते त्याची बायको कॅरल हिने. शीर्षकही तिनेच सुचवलं. अर्पणपत्रिकेत तिचं नाव पहिलं आहे. १९४३मध्ये दोघांचा घटस्फोट झाला. रोज दोन हजार शब्द लिहायचं ठरवताना त्या वेळात घरातलं काय कोण उरकणार, हेही त्याच दिवशी बोलून घ्यावं.