कोरड्या नदीच्या वाटेने

ऑस्ट्रेलिया खंडाच्या ऐन मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्ज नावाचे एक शहर आहे. दक्षिणेचे ॲडिलेड आणि उत्तरेचे डार्विन ही दोन्ही बंदरे तेथून सुमारे १५०० किलोमीटर दूर. शहराची शेवटची घरे मागे पडली, की तांबडी माती, बाभळीच्या कुळातील खुरटी झाडे आणि स्पिनिफेक्स नावाच्या काटेरी गवताचे झुबके एवढेच दिसू लागते. अशा विरळ वस्तीच्या प्रदेशाला तेथील लोक ‘आउटबॅक’ म्हणतात. अरेर्न्टे हे तेथील मूळ रहिवासी. हजारो वर्षांपासून ते या भूमीवर राहत आले आहेत.

शनिवार-रविवारची सुटी साधून पक्षी पाहण्यासाठी येथे एकटेच मोटार घेऊन जाणारे हौशी प्रवासी असतात. अशाच एका प्रवाशाबरोबर आपण मनाने जाऊ या. महिना जुलैचा, म्हणजे तेथला हिवाळा. दिवसा हवा सुखद, पण रात्री कडाक्याची थंडी. उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर चढतो. तेव्हा जाणकार माणूस या वाटेला एकट्याने जात नाही.

एकट्याने जायचे म्हणजे चूक सावरायला दुसरा हात नसतो. म्हणून तो दोन दिवसांसाठी वीस लिटरांहून अधिक पाणी घेतो. कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार, हे मित्राला सांगून ठेवतो. साधा फोन पुढे चालत नसल्यामुळे उपग्रहावर चालणारा फोन जवळ बाळगतो. आणि एक नियम मनात पक्का ठेवतो : गाडी बंद पडली, तर ती सोडून पायी निघायचे नाही. विमानातून शोधणाऱ्यांना उघड्या माळावरचा माणूस दिसत नाही, गाडी दिसते. शिवाय तिची सावलीही मिळते. हा नियम न पाळता पायी निघालेली माणसे तहानेने मृत्यू पावली आणि त्यांची गाडी मागे शाबूत सापडली, असे या देशात एकाहून अधिक वेळा घडले आहे.

पहिले सव्वाशे किलोमीटर पक्की सडक आहे. मध्येच एखादा मेलेला कांगारू पडलेला असतो व त्यावर भला मोठा गरुड बसलेला दिसतो. याचे पंख पसरले, तर दोन मीटरांहून अधिक भरतात. एवढे धूड एकदम उडू शकत नाही. म्हणून आपला प्रवासी गाडीचा वेग आधीच कमी करतो आणि त्याला उडायला अवसर देतो.

सडकेवर हर्मन्सबर्ग हे गाव लागते. प्रसिद्ध अरेर्न्टे चित्रकार आल्बर्ट नामाजिरा १९०२ साली येथेच जन्मले. गावापुढे मात्र सडक उरत नाही. वाट फिंक नदीच्या पात्रातूनच जाते! ही जगातील अतिप्राचीन नद्यांपैकी एक मानली जाते. पण वर्षातील बहुतेक काळ तिच्यात वाळू व दगडगोटेच असतात. येथे चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणारी गाडीच हवी. प्रवासी टायरांतील हवेचा दाब ३५ पौंडांवरून २० पर्यंत उतरवतो. टायर पसरट होतो आणि उंटाच्या पावलाप्रमाणे वाळूत रुतेनासा होतो. उंटाची उपमा येथे परकी नाही. १८६० साली बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी हिंदुस्थानातून, कराचीमार्गे, उंट आणले गेले. पुढे आणखी हजारो आले. मोटारी आल्यावर ते मोकळे सोडण्यात आले. त्यांचे वंशज आज या रानात हिंडत असतात.

वीस-एक किलोमीटरांची ही वाट कापायला तास-दीड तास लागतो. शेवटी तांबड्या कड्यांच्या मध्ये, जेथे कोणी कल्पनाही करणार नाही, तेथे उंच ताडवृक्षांची राई उभी दिसते. खडकांतून झिरपणाऱ्या पाण्यावर ही झाडे जगतात.

रविवारी पहाटे प्रवासी एका डोहापासून काही अंतरावर दुर्बीण घेऊन स्तब्ध बसतो. प्रथम झेब्रा फिंच येतात. हे आपल्या मुनियांच्या कुळातले. चिमणी पाणी पिताना घोटागणिक मान वर करते. हे मात्र पारव्याप्रमाणे चोच बुडवून पाणी ओढून घेतात. पाणवठ्यावर ससाण्याची भीती असते, म्हणून जेवढ्या लवकर पिऊन होईल तेवढे बरे. कोरडे बी खाणाऱ्यांना पाण्यावाचून गत्यंतर नाही. गरुडाला त्याच्या भक्ष्यातूनच ओलावा मिळतो.

इतक्यात आकाशात किलबिल उठते आणि हिरव्या पक्ष्यांचा थवाच्या थवा एकाच वेळी वळण घेत डोहावर उतरतो. हे बजरीगर. आपल्याकडे पिंजऱ्यात ठेवून ज्यांना लोक ‘लव्हबर्ड’ म्हणतात, ते हेच! खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. पण नाव रूढ झाले खरे. पिंजऱ्यातले निळे आणि पांढरे रंग माणसाने पैदाशीतून मिळवलेले आहेत. रानातला बजरीगर हिरवा-पिवळाच असतो. वजन अवघे तीस ग्रॅम. पण पाऊस कोठे पडला व गवताला बी कोठे धरले, त्याप्रमाणे हे थवे शेकडो किलोमीटर भटकतात. जेथे बी आणि पाणी मिळेल, तेथेच झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. पावसाने दगा दिला, तर पुन्हा पुढे. थवा पाणी पितो न पितो तोच सावली हलल्याचा भास होतो, आणि सर्व पंख एकदम फडफडतात. डोह पुन्हा शांत!

दुपारी प्रवासी निघतो. मावळतीच्या सुमारास कांगारू रस्त्यावर येतात, म्हणून त्याला उजेडातच शहर गाठायचे आहे. हर्मन्सबर्गला तो टायरांत पुन्हा हवा भरतो, उरलेले पाणी मोजतो आणि मित्राला फोन करून सांगतो, “नदीतून बाहेर आलो.”