जर्सी पेडण्याची, घर डिचोलीत : पिकलबॉल लीगमधले अनुभवाचे बोल

मी डिचोलीची, आणि तालुक्यांच्या व्यावसायिक पिकलबॉल लीगमध्ये खेळते पेडण्याकडून. खेळाडूंची निवड लिलावाने होते, त्यामुळे घर एका तालुक्यात आणि जर्सी दुसऱ्याची, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. शाळा-कॉलेजात बॅडमिंटन खेळले, लग्नानंतर रॅकेट कपाटावर गेली, आणि चाळिशी ओलांडल्यावर हातात पॅडल आले. माझ्यासारख्या बायका या दोन तालुक्यांत पुष्कळ आहेत. पुढच्या मोसमात नाव द्यावे का, असा विचार त्यांच्यातल्या कितीतरी जणी करताहेत. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

१. कोर्ट तुमच्या गावात आधीपासून आहे.

पिकलबॉलचे कोर्ट ४४ फूट लांब, २० फूट रुंद. बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढेच. १९६५ साली अमेरिकेत सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्यांच्या मित्रांनी हा खेळ बसवला तोच मुळी घरामागच्या बॅडमिंटन कोर्टावर. जाळी तेवढी खाली येते : कडांना ३६ इंच, मध्ये ३४. पंचायतीच्या हॉलमध्ये नाहीतर शाळेच्या सभागृहात बॅडमिंटनच्या रेषा असतील, तर उद्या संध्याकाळीही सुरुवात करता येईल.

एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी करा. जाळीपासून सात फुटांवर रंगीत चिकटपट्टीने वेगळी रेषा ओढा; जाळीपासून या रेषेपर्यंतच्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात. बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा साडेसहा फुटांवर असते, आणि ‘हीच किचनची रेषा’ असे धरून महिनोन्‌महिने सराव करणारे गट मी पाहिले आहेत. त्या अर्ध्या फुटाची सवय पायाला लागते आणि लीगच्या सामन्यात पंच फॉल्टवर फॉल्ट देत जातो.

२. इथे सर्व्हिस हातात असणे म्हणजे वरचढ असणे नव्हे.

टेनिसवरून येणाऱ्यांना हे पचायला वेळ लागतो. सर्व्हिस कमरेखालून, तिरकी. ती टप्पा पडूनच परतवायची, आणि परतलेला चेंडूही सर्व्हिस करणाऱ्या जोडीने टप्पा पडूनच घ्यायचा. त्यामुळे सर्व्हिस करणारे दोघेही मागच्या रेषेवर अडकतात आणि तोवर समोरचे दोघे किचनच्या रेषेवर येऊन उभे राहतात. गुण मात्र पारंपरिक मोजणीत सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळतो. म्हणून सगळा खेळ तिसऱ्या फटक्यावर येऊन ठेपतो. तो चेंडू मऊ हाताने समोरच्या किचनमध्ये उतरवता आला, तर तुम्हाला पुढे यायला वेळ मिळतो. जोरात मारलात तर समोरचे तो छातीच्या उंचीवर अडवून तुमच्या पायांत टाकतात. सर्व्हिसचा वेग वाढवण्यात वेळ घालवू नका. सर्व्हिस खोल आणि बिनचूक पडली की पुरे. उरलेला वेळ तिसऱ्या फटक्याला द्या.

३. किचनच्या रेषेवर टिकून राहणे हाच खरा खेळ.

सात फुटांच्या त्या पट्ट्यात उभे राहून चेंडू हवेत मारता येत नाही. बाहेरून तसा फटका मारल्यानंतर तोल जाऊन पाय आत पडला तरी फॉल्ट, चेंडू तोवर दुसऱ्यांदा टप्पा खाऊन थांबला असला तरीही. म्हणून तिथे दोन्ही बाजू हलके, बुटके, जाळीला घासून जाणारे चेंडू टाकत राहतात. त्यालाच डिंक म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, हे काय, नुसते टुकटुक! पण त्या टुकटुकीत प्रत्येक जण समोरच्याचा एक चेंडू चार बोटे जास्त उसळण्याची वाट बघत असतो. शापोरा नदीच्या काठावर गरी टाकून बसलेला माणूस जसा हलत नाही, तसे तिथे बसावे लागते.

डिंक तिरका टाकावा. तिरक्या वाटेवर जाळी मध्यावर, म्हणजे सगळ्यात खाली, ओलांडली जाते आणि चेंडूला उतरायला जागाही जास्त मिळते. सरळ समोर टाकलेल्या डिंकला या दोन्ही सवलती नाहीत. बॅडमिंटनवाल्यांचे मनगट इथे फार कामाला येते; जाळीजवळचा नाजूक फटका आपण वर्षानुवर्षे खेळलेलो असतो. पण उंच चेंडू दिसला की खांदा आपोआप मागे जाण्याची सवयही बॅडमिंटनचीच, आणि ती इथे मोडावी लागते. माझी जोडीदारीण पेडण्याची. ती प्रत्येक सरावात मागून हाक घालते, ‘राव गो, पडूं दी!’ सरावाचा निम्मा वेळ आम्ही किचनच्या बाहेर जात नाही. चारही खेळाडू रेषेवर, फक्त डिंक, गुण मोजून. लीगमध्ये तगडे मारणारे खेळाडू सगळ्याच संघांकडे असतात. फरक पडतो तो, पंधरा-वीस डिंकनंतर कोणाचा हात घाई करतो त्याने.

४. मिश्र दुहेरीत सगळे चेंडू बाईकडे येतात. येऊ द्या.

अमेरिकेच्या मेजर लीग पिकलबॉलने सांघिक लढतीचा जो साचा घालून दिला, तो आता बऱ्याच लीगांत या ना त्या रूपात दिसतो : दोन पुरुष, दोन महिला, एक महिला दुहेरी, एक पुरुष दुहेरी, दोन मिश्र दुहेरी. बरोबरी झाली तर एकेरीची निर्णायक लढत, दर चार गुणांनी खेळाडू बदलत, २१ गुणांपर्यंत. या साच्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की, महिलांचा सामना जिंकला काय किंवा पुरुषांचा जिंकला काय, संघाच्या खात्यात सारखेच जमा होते. संघमालकाला चांगल्या बायका शोधाव्याच लागतात. आमच्या भागात बायकांना खेळासाठी कोणी शोधत आले आहे, हे मी तरी याआधी पाहिले नव्हते.

मिश्र दुहेरीत समोरची जोडी ठरवूनच बाईवर खेळते. याचा अर्थ त्या सामन्यात सर्वांत जास्त चेंडू तुम्ही खेळणार, सामना तुमच्या हातात असणार. तशी तयारी करून उतरा. आपला पुरुष जोडीदार अस्वस्थ होऊन तुमच्या पुढ्यातले चेंडू ओढायला लागला, तर पहिल्याच टाइम-आउटला त्याला स्पष्ट सांगा. आदराने सांगा, पण सांगा. तो दादा असो, काका असो की कार्यालयातला साहेब. तो तुमच्या बाजूला आला की त्याची बाजू मोकळी पडते आणि अनुभवी जोडी नेमकी तिथेच चेंडू टाकते.

५. हाका आधी ठरवा.

दोघांच्या मधून गेलेला चेंडू सर्वांत जास्त गुण घालवतो. ‘म्हजो’ आणि ‘तुजो’ बंदिस्त हॉलच्या प्रतिध्वनीत सारखेच ऐकू येतात. आम्ही ‘हांव’ आणि ‘सोड’ ठरवले आहे. मधला चेंडू शक्यतो जिच्या फोरहँडला येतो तिचा. जोडीत एक जण डावखुरी असेल तर दोघींचे फोरहँड मध्ये आणण्यासाठी जागा बदलून उभे राहता येते, स्टॅकिंग म्हणतात ते. पण आधी स्कोअर तीन आकड्यांत न अडखळता म्हणता आला पाहिजे : आपले गुण, त्यांचे गुण, कितवा सर्व्हर.

६. वेळापत्रक आपल्या पंचांगावर बसवा.

बाहेरून आलेल्या प्रशिक्षकाने आखलेला सराव कागदावर सुंदर दिसतो. चवथीच्या दिवसांत मात्र गोव्यात कोणी कोर्टवर येत नाही, आणि येऊही नये; माटोळी बांधायची असते, माहेर-सासर असते. दसरा ते कोजागिरी पेडण्याच्या लोकांचे मन भगवतीच्या देवळाभोवती असते. डिचोली तालुक्यात वैशाखात शिरगावच्या लईराईची जत्रा असते, आणि संघातला कोणी धोंड असेल तर त्याचे व्रताचे दिवस सरावासाठी मागायचे नाहीत. आमच्या व्यवस्थापकाने हे सगळे विचारून घेतले, मग तारखा लावल्या. मोसमभर गैरहजेरीवरून एकही वाद झाला नाही.

७. पाऊस, वारा, लाल धूळ.

जून ते सप्टेंबर मोकळे कोर्ट विसरायचे. ओल्या कोर्टवर प्लॅस्टिकचा चेंडू उसळत नाही, घसरतो, आणि त्याहून जास्त घसरतात माणसे. त्यामुळे छप्पर असलेला हॉल ज्या गावाकडे आहे, त्या गावाचा खेळ चार महिने पुढे असतो. मोरजी-हरमलच्या बाजूला दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. तिथे उंच लॉब टाकणे म्हणजे चेंडू वाऱ्याला देऊन टाकणे. आमच्या खाणपट्ट्यात जांभ्याची बारीक धूळ कोर्टावर बसते, सरावाआधी ओल्या फडक्याने पुसून घ्यावे लागते. चेंडूही वेगळे : बंदिस्त हॉलचा साधारण २६ भोकांचा, मोकळ्या कोर्टचा ४० लहान भोकांचा, जरा जड आणि कडक. सामना ज्या चेंडूने होणार त्याच चेंडूने किमान शेवटचे काही दिवस सराव करा.

८. ‘व्यावसायिक’ म्हटले की कागद आलाच. तो वाचा.

मानधन किती, कधी मिळणार, प्रवासखर्च कोणाचा, सामन्यात दुखापत झाली तर उपचार कोण करणार, त्याच मोसमात दुसरी स्पर्धा खेळता येईल का. हे सगळे लेखी घ्या. कागदाचा विषय निघाला की बायका संकोचतात, ‘खेळायला मिळतंय ना’ म्हणतात. संकोच नको. आपण दिलेला वेळ घरातून काढलेला असतो.

संघटनेचेही विचारून घ्या. हा खेळ भारतात आणला तो मुंबईच्या सुनील वालावलकरांनी. त्यांच्या प्रयत्नांतून २००८ मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली. २०२५ मध्ये केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिली ती मात्र इंडियन पिकलबॉल असोसिएशन या दुसऱ्या संस्थेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला गौरव नाटेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत सहा संघांची वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली, ती आणखी स्वतंत्र. घरातले मूल क्रीडागुण किंवा राज्य संघ डोळ्यांसमोर ठेवून खेळत असेल, तर कोणत्या संघटनेचे प्रमाणपत्र कुठे चालते हे आधी माहीत हवे. गुणांकनासाठी डीयूपीआर हे २ ते ८ या पट्टीवरचे मापन बरेच आयोजक वापरतात. नाव नोंदवण्याआधी काही नोंदणीकृत सामने खेळून आपला आकडा तयार ठेवा, लिलावात तोच बघितला जातो.

९. रेषेचा संशय असेल तर फायदा समोरच्याचा.

रेषापंच नसेल तेव्हा आपल्या बाजूच्या रेषेचा निर्णय आपणच द्यायचा, आणि खात्री नसेल तर चेंडू आत. जोडीतली एक ‘आत’ म्हणाली आणि दुसरी ‘बाहेर’, तरी चेंडू आतच. या नियमावर माझे प्रेम आहे. पेडणे आणि डिचोली ही लहान जागा आहे; आज समोर उभी असलेली बाई उद्या म्हापशाच्या बाजारात भेटते.

१०. अंग सांभाळा.

लॉब आला की पाठमोऱ्या पावलांनी मागे पळू नका. वळा आणि धावा. चाळिशीपुढच्या खेळाडूंची मनगटे अशा पडण्यात मोडू शकतात. चालण्याचे बूट घालून कोर्टवर येऊ नका. बाजूला सरकताना आधार देणारे कोर्टचे बूटच हवेत. डोळ्यांना संरक्षक चष्मा लावा. किचनच्या रेषेवर दोन खेळाडूंत जेमतेम चौदा फुटांचे अंतर असते.

११. घरी परतण्याची सोय हा सरावाचाच भाग आहे.

डिचोलीहून अस्नोडा, कोलवाळ, धारगळ करत पेडण्याला जायचे. सराव रात्री संपला की परतीची बस नसते. आमच्या संघाने गाडीचा खर्च जर्सी आणि जाहिरातीच्या आधी मांडला, आणि त्याच निर्णयाने चार चांगल्या खेळाडू टिकल्या. मोठ्या नावाच्या पाहुण्या खेळाडूवर खर्च करण्याआधी संघमालकांनी हे करून बघावे.

१२. लीग संपल्यावर जाळी काढू नका.

व्यावसायिक क्लबांचा अनुभव गोव्याला फुटबॉलने केव्हाच दिला आहे. २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो हे आपले तीन नामवंत क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. कितीतरी घरांत तेव्हा सुतक असल्यासारखे वाटले. पण धेंपोने मुलांना घडवणे थांबवले नाही, आणि २०२४-२५ च्या मोसमात तो क्लब पुन्हा आय-लीग खेळला. लीग येते, जाते, मालक बदलतात. मुले तयार होत राहिली तर परतायला संघ उरतो.

पिकलबॉलच्या बाबतीत मला काळजी मुलींची आहे. दहावीपर्यंत शाळेच्या संघात चमकणाऱ्या मुली बारावीनंतर कोर्टवर दिसत नाहीत. हा खेळ त्यांच्यासाठी फार सोयीचा आहे : हॉल गावात, साहित्य थोडे, आणि आई, आजी, भाऊ यांच्याबरोबर एकाच कोर्टवर खेळता येण्यासारखा. म्हणून आम्ही खेळाडूंनी मालकांकडे एक मागणी लेखी दिली आहे. संघाच्या नावात तालुका आहे, तर तालुक्यातल्या एका हॉलमध्ये वर्षभर, आठवड्यातून दोन संध्याकाळी, शाळकरी मुलींना विनामूल्य सराव मिळावा. पॅडल संघाची, शिकवणाऱ्या आम्ही. पेडण्यातला गट सुरू झाला आहे. डिचोलीत हॉलच्या वेळेचे बोलणे चालू आहे, आणि तोवर माझ्या घराशेजारच्या चार मुली आमच्या गाडीतून पेडण्याला येतात.