जुना अंक वाचताना : कूत आणि बेळगाव

जुनी वर्तमानपत्रं वाचायची कशी, असं मंडळातल्या काही जणांनी मला विचारलं. त्यासाठी आपल्याच गावाचं एक उदाहरण घेऊ.

२८ एप्रिल १९१६. प्रांतिक परिषदेसाठी माणसं बेळगावात जमली होती. त्या दिवशी टिळकांची होमरूल लीग इथंच स्थापन झाली. दुसऱ्याच दिवशी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथं जनरल टाउनशेंडची फौज १४७ दिवसांच्या वेढ्यानंतर तुर्कांना शरण गेली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली. ही फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन, आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. इकडं स्वराज्याची भाषणं चालली होती, तिकडं आपल्या मुलखातली पोरं उपासमारीनं खंगली होती.

आता त्या काळातला कुठलाही अंक उघडा आणि तीन प्रश्न विचारा.

पहिला, बोलतंय कोण? युद्धाच्या बातम्या मुख्यतः रॉयटरच्या तारा आणि सरकारी पत्रकं यांवरून यायच्या. मुंबईहून बसरा लंडनपेक्षा कितीतरी जवळ, तरी तिथली बातमी बहुधा लंडनला वळसा घालून यायची. शिवाय १९१० चा प्रेस ॲक्ट होताच. एक शब्द चुकला तर जामीन जप्त! म्हणून तारेचे शब्द कुठं संपतात आणि संपादकाचे कुठं सुरू होतात, ते बघा.

दुसरा, युद्ध आणखी कुठं लपलंय? जर्मनीहून येणारे रंग बंद झाले आणि कापड रंगवणाऱ्यांची पंचाईत झाली. चांदी महागली, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ पासून एक रुपयाची कागदी नोट आली. अशा गोष्टी ‘युद्धवार्ता’ या मथळ्याखाली सापडतीलच असं नाही. त्या बाजारभावांत, जाहिरातींत, गावोगावच्या पत्रांत शोधाव्या लागतात. लग्न, पाऊस, जत्रा यांच्या शेजारीच त्या बसलेल्या असतात.

तिसरा प्रश्न अवघड आहे. अंकात कोण नाही?

माझ्या आजीच्या एका चुलत्याबद्दल आमच्या घरात एवढंच सांगतात, “तो बसऱ्याला गेला.” साल नाही, पलटण नाही. मी जुने अंक चाळायला लागलो ते खरं तर त्याच्यासाठी. जनरल भेटले, नद्या भेटल्या, तोफा किती तेही कळलं. तो काही भेटला नाही. मग कळलं, वर्तमानपत्रानं युद्ध घरापर्यंत आणलं खरं, पण घरातून गेलेला माणूस त्यात मावला नाही. त्याची नोंद आजीच्या त्या एका वाक्यातच राहिली.

म्हणून हा गृहपाठ. १९१४ ते १९१८ मधला एक अंक घ्या. युद्धाचा रकाना हातानं झाका आणि बाकीचं पान वाचा. युद्ध जिथं जिथं दिसेल तिथं टिपण करा. मग घरी जाऊन थोरल्यांना विचारा, आपल्यातलं कुणी गेलं होतं का? दोन्ही टिपणं शेजारी ठेवा. अभ्यास तिथून सुरू होतो.