मुक्या यंत्राशीं बोलावें कसें ?



संगणकास जोडलेलें एखादें यंत्र बोलेनासें झालें, म्हणजे आपल्या मुखांतून पहिला उद्गार निघतो तो "हें बिघडलें !" असा. दुसऱ्या दिवशीं तें यंत्र कपाटांत जाऊन पडतें, आणि पालकांस नव्यासाठीं पैसे मोजावे लागतात. परंतु मौनाचीं कारणें अनेक असतात. यंत्राचा बिघाड हें त्यांपैकीं केवळ एक होय. हीं कारणें क्रमानें कशीं शोधावीं, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

लहान यंत्रें संगणकाशीं बहुधा सीरियल पोर्टमधून बोलतात. अरुंद पुलावरून मेंढरें जशीं एकामागून एक जातात, तशीं येथें एकाच तारेवरून चिन्हें एकामागून एक जातात. ही कल्पना फार जुनी आहे. ओशॉनेसी साहेबांच्या देखरेखीखालीं १८५४ च्या सुमारास कलकत्ता, आग्रा, मुंबई व मद्रास हीं शहरें तारायंत्रानें जोडलीं गेलीं, तेव्हां निरोप असेच एका तारेवरून जात. तुमच्या आजोबांनीं ऐकलेलें तारघरांतील "कडकट्ट" हें याच विद्येचें बोलणें. आपल्या देशांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद झाली. पण तिची भाषा मागें उरली आहे. या बोलण्याचा वेग "बॉड" या मापानें सांगतात. त्यांत एमिल बोदो या फ्रेंच तारतज्ज्ञाचें नांव आहे. लिनक्समध्यें पोर्टांच्या नांवांत "टीटीवाय" हीं अक्षरें येतात, तीं जुन्या टेलिटाइप यंत्राचीं. किंबहुना, १९९१ सालीं लिनस टॉरव्हल्ड्स यानें मोडेमवाटे विद्यापीठाच्या संगणकाशीं बोलण्यासाठीं जो लहानसा प्रोग्राम लिहिला, त्यांतूनच पुढें लिनक्स वाढीस लागलें.

आपल्याच प्रांतांत मुंबईच्या आय. आय. टी.नें विद्यार्थ्यांसाठीं एक सुंदर साधन तयार केलें. त्यांत पोलादाचें एक लहान पातें, तें तापविणारी तार, थंड करणारा पंखा व तापमान मोजणारा संवेदक आहे. आणि हें सर्व सीरियल मार्गानें संगणकाची आज्ञा ऐकतें. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमांत लिनक्सचे धडे मराठींतहि ऐकावयास मिळतात.

आतां समजा, तुम्ही आर्डुइनो बोर्डावर तापमापक बसवून तो लिनक्सच्या संगणकास जोडला, परंतु पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. अशा वेळीं पुढील पांच प्रश्न याच क्रमानें विचारावे.

पहिला प्रश्न : संगणकास यंत्र दिसतें काय ? तार जोडतांच टर्मिनलमध्यें डी, एम, ई, एस, जी हीं पांच अक्षरें लिहून आज्ञा द्यावी व शेवटच्या ओळी वाचाव्या. तेथें "टीटीवाय-यूएसबी" अथवा "टीटीवाय-एसीएम" असें नांव दिसलें, तर ओळख पटली. कांहींच न दिसल्यास प्रथम तार बदलावी. मोबाइलच्या कित्येक तारा केवळ वीज वाहतात, निरोप वाहत नाहींत.

दुसरा प्रश्न : तुम्हांस परवानगी आहे काय ? "परमिशन डिनाइड" असें उत्तर आलें, तर पोर्ट शाबूत असून दारावर पहारा आहे इतकाच अर्थ. उबुंटूमध्यें "डायलआउट" नांवाच्या गटांत आपलें नांव घालावें, आणि एकदां लॉग-आउट करून पुन्हां लॉग-इन करावें. कित्येक जण पोर्ट सर्वांसच मोकळें करून टाकतात. तो उपाय तार काढून पुन्हां लावतांच नाहींसा होतो, आणि संवयहि चांगली नव्हे.

तिसरा प्रश्न : पोर्ट दुसऱ्या कोणीं धरून ठेवलें आहे काय ? दुसऱ्या खिडकींत उघडा राहिलेला प्रोग्राम हा नेहमींचा अपराधी. दुसरा एक चमत्कारिक आहे. उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तींत, स्वस्त बोर्डांवरील सीएच ३४० ही चिप लावतांच पोर्ट क्षणभर दिसे व लगेच नाहींसें होई. अंधांचीं ब्रेल उपकरणें चालविणारा "बीआरएलटीटीवाय" हा प्रोग्राम बोर्डासच ब्रेल उपकरण समजून ताब्यांत घेई. तो काढून टाकला कीं काम होतें. पण शाळेच्या सामाईक संगणकावरून काढण्यापूर्वीं, आपल्या एखाद्या दृष्टिहीन बंधूस त्याची गरज नाहीं ना, हें अवश्य विचारावें.

चौथा प्रश्न : दोघांची गति व रीत एक आहे काय ? बाबेलच्या बुरुजाची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे; बोली जुळेना तेव्हां कामच थांबलें. बोर्ड ९६०० बॉडनें बोलत असेल आणि संगणक ११५२०० नें ऐकत असेल, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा कचरा पडतो. कचरा दिसला तर निराश होऊं नये. तार व परवानगी दोन्ही ठीक आहेत, हेंच तो सांगतो. उलट, यंत्राचें बोलणें दिसतें पण आपलें त्यास पोंचत नाहीं, असें झाल्यास मिनिकॉममधील "हार्डवेअर फ्लो कंट्रोल" बंद करून पाहावें. आणखी एक गोष्ट : आर्डुइनो उनो बोर्ड पोर्ट उघडतांच नव्यानें सुरू होतो, म्हणून दोन सेकंद थांबून मग बोलावें.

पांचवा प्रश्न : तारा योग्य जागीं आहेत काय ? सुट्या ॲडाप्टरनें यंत्र जोडलें असेल, तर एकाचें "टीएक्स" दुसऱ्याच्या "आरएक्स"ला जावें, कारण एकाचें मुख दुसऱ्याच्या कानाशींच हवें. आणि "ग्राउंड" दोघांचें एक असावें. संशय राहिल्यास यंत्र सोडवून ॲडाप्टरचेच टीएक्स व आरएक्स एकमेकांस जोडावे, "लोकल एको" बंद ठेवावा, आणि एखादें अक्षर लिहावें. तें परत आलें, तर संगणकापासून ॲडाप्टरपर्यंतचा मार्ग निर्दोष ठरला. दोष पुढें शोधावा. मात्र जुन्या आरएस-२३२ पोर्टाच्या तारा बोर्डास थेट कधींहि जोडूं नयेत. त्यांवरील विजेचा दाब ३ ते १५ व्होल्ट, आणि तोहि धन व ऋण असा दोन्ही प्रकारचा, असूं शकतो. तेवढ्यानें चांगला बोर्ड खरोखरच जळेल.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, आणि काय बदललें व काय दिसलें तें वहींत टिपावें. चार गोष्टी एकदम बदलून यंत्र चालूं लागलें, तरी दोष कशांत होता हें कळत नाहीं, आणि तोच दोष पुढच्या आठवड्यांत पुन्हां दारीं उभा राहतो.

पालकांस एक विनंति. मुलानें नवा बोर्ड मागितला, तर पैसे देण्यापूर्वीं त्याची वही पाहावयास मागावी. पांचहि प्रश्नांचीं उत्तरें तींत लिहिलेलीं असतील, तर मागणी रास्त समजून खुशाल पैसे द्यावे. उत्तरें नसतील, तर त्याच्या शेजारीं घटकाभर बसून तीं त्यालाच शोधूं द्यावीं. न तपासतां कोणासहि, मग तें यंत्र असो वा मनुष्य, दोषी ठरवूं नये, हा धडा त्यास विज्ञानाच्या तासाबाहेरहि उपयोगीं पडेल.