राजगड ते रायगड : पाण्याचा ताळेबंद

गेल्या वर्षी मार्चअखेर आम्ही पाचजण बडोद्याहून राजगडला गेलो आणि तोरण्याला पोहोचायच्या आतच परतलो. प्रत्येकाजवळ दोन-दोन लिटर पाणी होते. सकाळी अकरालाच ते संपले. धारेवर सावलीला झाड नव्हते. आमच्यातल्या एकाच्या पोटऱ्यांत गोळे आले, मग त्याला घेरी आली. खिंडीतल्या एका घरातल्या आजींनी मीठ-साखर घालून तांब्याभर पाणी पाजले, म्हणून तो उठून बसला. यंदा डिसेंबरात पुन्हा जायचे ठरले, तेव्हा त्याच्या आईंनी मला एकच प्रश्न विचारला, "या वेळी पाणी किती नेणार?" त्यांना तोंडी उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेख.

आधी हे डोंगर कसे झाले ते पाहू, कारण पाण्याचे कोडे तिथेच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरले आणि थिजले. आपला पावागडही त्याच घराण्यातला. कठीण थर झिजत नाहीत, त्यांचे कडे होतात. मऊ थर झिजतात, त्यांचे उतार आणि पदर होतात. म्हणून सह्याद्रीत चढ सलग लागत नाही : छातीवरचा चढ, मग सपाटी, पुन्हा चढ. गावे, शेते बहुधा पदरावर. पाऊस मात्र कितीही पडो, घट्ट कातळ तो फारसा मुरू देत नाही. पाणी ओढ्यांनी धावत निघून जाते आणि होळीपर्यंत डोंगर कोरडा पडतो. गड बांधणाऱ्यांनी हे ओळखले होते. म्हणून त्यांनी त्याच घट्ट कातळात टाकी खोदली. जो दगड पाणी पीत नाही, तो ते साठवून मात्र उत्तम ठेवतो. (आजोळी आम्ही कन्नड बोलतो. तिथे पाण्याला 'नीरु' म्हणतात, आणि मराठी कवितेत 'नीर'. तहान लागली की दोन्ही शब्द सारखेच आठवतात!)

आता वाट. पहिला मुक्काम पायथ्याच्या गुंजवण्यात. गडांवर रात्री राहण्याचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी पुण्यात विचारून घ्यावेत. पहाटे चोरदरवाजाने राजगडावर. पद्मावती माचीवर पाणी भरायचे, गाळून आणि उकळून. मग संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरून धारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे. राजगड सुमारे १३७६ मीटर, तोरणा १४०३. आकड्यांत फरक सत्तावीस मीटरांचा, पण मधल्या खिंडीत उतरून पुन्हा चढायचे आहे, हे आकडे सांगत नाहीत. हाच दिवस कसोटीचा. तिसऱ्या दिवशी तोरण्याहून हारपूडवरून मोहरी. चौथ्या दिवशी सिंगापूरच्या नाळेने कोकणात. लिंगाण्याच्या बगलेची बोराट्याची नाळ आम्ही मुद्दाम टाळली, ती म्हणजे मोठमोठ्या धोंड्यांची घसरगुंडीच. सिंगापूरच्या नाळेतही वाटाड्या हवाच, आणि पावसाळ्यात ती वाट मनातही आणू नये. पाचव्या दिवशी रायगड, जिथे १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला. २०२५ मध्ये युनेस्कोने राजगड आणि रायगड जागतिक वारशात घेतले. तोरणा मात्र त्या यादीत नाही, याचे मला वाईट वाटते.

आम्ही वाणिज्य शाखेचे, तेव्हा ताळेबंद मांडलाच पाहिजे. अंथरूण-पांघरूण दीड किलो, कपडे दीड, शिधा रोजचा सहाशे ग्रॅम धरून चार दिवसांचा दोन किलो चारशे (तांदूळ, मूगडाळ, पोहे आणि बडोद्याचे थेपले, जे टिकतात), भांडी-दोरीचा वाटा एक किलो दोनशे, विजेरी आणि औषधे सहाशे ग्रॅम. बेरीज सात किलो दोनशे. धारेच्या दिवशी पाणी माणशी चार लिटर, म्हणजे आणखी चार किलो. एकूण अकरा किलो दोनशे. गेल्या वर्षी आमची ओझी याहून जड होती! फरक एवढाच की त्यांत टेपरेकॉर्डरसारखा एक स्पीकर होता, दोन जाडजूड स्वेटर होते, आणि पाणी नव्हते.

चारपैकी एक लिटर राखीव निधी. तो खर्चात धरायचा नाही. उरलेल्या तिनांतले दीड संपले आणि अर्धी वाट झालेली नसेल, तर सगळ्यांनी मागे फिरायचे. त्यावर चर्चा नाही. हा नियम निघण्यापूर्वीच कागदावर लिहून सहाही जणांनी सह्या केल्या आहेत, कारण धारेवर उन्हात कोणीच माघार कबूल करीत नाही. गेल्या वर्षी मीही केली नव्हती. मित्राचे पाय वळत होते तेव्हा "आता थोडेच राहिले" असे म्हणणारा मीच होतो.

सरावासाठी दर रविवारी पावागडच्या पायऱ्या, पाठीवर भरलेल्या बाटल्या. पहिल्या रविवारी मित्राची बाटली माचीलाच रिकामी झाली. तिसऱ्या रविवारी वर पोहोचल्यावरही निम्मी भरलेली होती. त्याच्या आईंना मी हा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा ऐकला, पेन्सिल मागून घेतली आणि औषधांच्या रकान्यात मीठ-साखरेच्या सहा पुड्या लिहिल्या.