पॅटी मळू नका, थापा

मुलांना सुट्टी लागली की घरी बर्गरची फर्माईश होते आणि आमच्याकडे पत्रे यायला लागतात. या वेळच्या पत्रांत जवळजवळ सगळ्या तक्रारी पॅटीच्या आहेत. कुणाची फुटते, कुणाची आक्रसते, कुणाची रबरासारखी होते. सोबत लिहिलेल्या कृती वाचल्या की कारण बहुतेक एकच निघते : आपण खिम्याचे कटलेट करतो आणि बनमध्ये घालून त्याला बर्गर म्हणतो. कटलेट चवीला उत्तमच, पण त्याचे नियम वेगळे. हॅम्बर्गरच्या पॅटीला लागतो खिमा, पुरेशी चरबी, मीठ, मिरी आणि कडक तापलेला तवा.

शंका : अर्धा किलो मटण खिम्यात बारीक कांदा, आले-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, गरम मसाला, एक अंडे आणि ब्रेडचा चुरा घालते. तरी पॅटी तव्यावर फुटते. अजून काय घातले म्हणजे ती धरून राहील? – एक वाचक, ठाणे

समाधान : काही घालू नका, काढा. कच्च्या कांद्याला मीठ लागले की पाणी सुटते, मिरची-कोथिंबिरीचे तुकडे खिम्याच्या मधे मधे येतात आणि तिथेच पॅटीला चीर पडते. मग ती सांधायला अंडे, अंड्याने सैल झाली म्हणून चुरा, अशी ही साखळी वाढत जाते. नुसता खिमा स्वतःच्या चिकटपणावर उत्तम धरून राहतो.

आता एक उलट प्रश्न : खिमा घरी आणून धुता का? आपल्याकडे बरेच जण धुतात. चाळणीत कितीही निथळला तरी त्यात पाणी राहतेच. असा खिमा तव्यावर भाजला न जाता स्वतःच्या पाण्यात शिजतो. धुतल्याशिवाय चैन पडत नसेल तर मटणाचे तुकडे आणा, धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडे टिपा, अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मिक्सरला थांबत थांबत फिरवा. तुकडे गार असले की कापले जातात, कोमट असले की त्यांचा लगदा होतो.

कांद्याशिवाय करमत नसेल तर अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एल रेनो नावाचे गाव आहे, तिथली रीत उचला. तिथे खिम्याचा गोळा तव्यावर टाकतात, त्यावर कागदासारखा पातळ चिरलेला कांदा मूठभर ठेवतात आणि उलथण्याने जोर देऊन दाबतात. उलटल्यावर कांदा खालच्या बाजूला चरबीत खरपूस होतो आणि पॅटीला चिकटून बसतो. पडत्या काळात महाग मांस पुरवून खायला काढलेली ही युक्ती आज त्या गावाची ओळख झाली आहे.

शंका : चव मुरावी म्हणून खिम्याला मीठ-मसाला लावून दोन तास फ्रीजमध्ये ठेवतो. पॅटी चवीला बरी लागते, पण चावताना रबरी लागते. – एक वाचक, पुणे

समाधान : हे काम मिठाचे आहे. मिठामुळे मांसातले मायोसिन नावाचे प्रथिन विरघळते आणि खिम्याचे कण एकमेकांना घट्ट धरतात. सॉसेजला जी लवचीक चावण येते ती यामुळेच, आणि सीख कबाबाचा खिमा मळतात तोही याचसाठी. बर्गरला नेमके हे नको. पॅटी तोंडात मोकळी व्हायला हवी.

म्हणून आधी पॅटी थापा आणि मीठ अगदी शेवटी, तव्यावर टाकायच्या क्षणी वरून भुरभुरा. साधारण ११५ ग्रॅमच्या पॅटीला दोन्ही बाजूंना मिळून सपाट पाव चमचा मीठ पुरते. आत मीठ नाही म्हणून धास्तावू नका, घासात ते बरोबर पोचते. मिरी ताजी आणि जाडसर कुटलेली घ्या. लसणाचा वास हवा असेल तर लसणाची कोरडी पूड मिठात मिसळून वरून लावा. ओले वाटण नको : ते बाहेरून लावले तर करपते आणि आत घातले तर पाणी सोडते. गरम मसाला, हिरवी चटणी, लसणीचे तिखट यांची जागा बनवर लावायच्या मेयोनीजमध्ये किंवा परतलेल्या कांद्यात आहे.

शंका : आमच्याकडे मटण चांगले मिळते, पण पॅटी कोरडी होते. खिमा कुठल्या भागाचा घ्यावा? – एक वाचक, कोल्हापूर

समाधान : अमेरिकेत बर्गरसाठी गोमांसाचा खांद्याकडचा भाग घेतात आणि खिम्यात ८० टक्के मांस, २० टक्के चरबी हे प्रमाण ठेवतात. तिथल्या नियमानुसार अशा खिम्यात ३० टक्क्यांपर्यंत चरबी चालते. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या मांसावरही बंदी आल्यामुळे आपल्या हाती उरतात बोकड, कोंबडी आणि काही ठिकाणी म्हशीचे मांस. मटणाची पॅटी म्हणजे काही कमअस्सल नव्हे. १९९६ साली मॅकडोनाल्ड्स भारतात आले तेव्हा त्यांच्या महाराजा मॅकमध्येही आधी मटणच होते.

अडचण एवढीच की बोकडाचे मांस मुळात कोरडे असते आणि आपण मटणवाल्याला वर सांगतो, ‘चरबी काढून द्या.’ बर्गरसाठी उलट सांगा. खांद्याचे मांस घ्या, किलोमागे दीडशे ते दोनशे ग्रॅम सीन्याची चरबी त्यातच घालायला सांगा आणि मोठ्या जाळीतून एकदाच काढून घ्या. दोनदा काढलेला बारीक खिमा कबाबाला शोभतो. बोकडाची चरबी लवकर थिजते आणि मग टाळूला चिकटते, तेव्हा खाणारे पानावर बसल्यावरच पॅटी तव्यावर टाका.

शंका : पॅटी बनएवढी करावी तर तव्यावर ती आक्रसते आणि मधे फुगते. उलथण्याने दाबले तर सगळा रस बाहेर येतो. – एक वाचक, मडगाव

समाधान : मांसातले कोलाजन उष्णतेने आक्रसते. कडा आधी तापतात, आत ओढल्या जातात आणि मधला भाग वर उचलला जातो. म्हणून पॅटी बनपेक्षा सेंटिमीटरभर मोठी थापा आणि मधोमध अंगठ्याने उथळ खळगा करा. शिजताना तो भरून येतो आणि पॅटी सपाट होते. व्हाइट कॅसल ही १९२१ साली कॅन्ससमधल्या विचिटा गावात सुरू झालेली साखळी तर आपल्या पातळ चौकोनी पॅटीला पाच भोकेच पाडते आणि ती कांद्याच्या वाफेवर, न उलटता शिजवते.

दाबायचे असेल तर पहिल्या अर्ध्या मिनिटातच दाबा. तेव्हा चरबी वितळलेली नसते, त्यामुळे रस जात नाही. साठ-सत्तर ग्रॅमचा सैल गोळा कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाका आणि लगेच सपाट बुडाच्या भांड्याने पातळ दाबा. कडा तपकिरी जाळीदार झाल्या की खरवडून उलटा. जाड पॅटीला मात्र एकदा तव्यावर गेली की दाबू नका. नॉनस्टिक तवा एवढ्या आचेसाठी नाही, तिथे बीड किंवा जाड लोखंडच हवे. तो खमंग तपकिरी थर मांसाचा पृष्ठभाग कोरडा आणि खूप गरम असेल तरच येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ साली ज्या प्रक्रियेचे वर्णन केले ती हीच. ओल्या पॅटीचे तापमान पाणी उडेपर्यंत १०० अंशांच्या आसपासच अडकते आणि तोवर आतले मांस कडक होते.

मांस फारच कोरडे असेल तर एक उपाय आहे. कडा काढलेली ब्रेडची एक चकती दोन चमचे दुधात कुस्करून तिची पेस्ट करा आणि अर्धा किलो खिम्यात हलक्या हाताने मिसळा. ठाण्याच्या वाचकांना चुरा घालू नका म्हटले आणि इथे ब्रेड कसा, असे वाटेल. कोरडा चुरा मांसातला रस पितो. ही पेस्ट आधीच ओली असल्याने पूर्ण शिजलेल्या पॅटीतही थोडा ओलावा टिकवते.

शंका : इथले शेजारी स्टेक आतून लाल ठेवतात आणि बर्गरही गुलाबी खातात. मुलांना द्यायला भीती वाटते. – एक वाचक, न्यू जर्सी

समाधान : तुमची भीती रास्त आहे. अखंड तुकड्यावर जंतू बहुतेक बाहेरच्या बाजूला असतात आणि तव्यावर ते मरतात. खिमा करताना तीच बाहेरची बाजू आत मिसळली जाते. १९९३ साली अमेरिकेच्या पश्चिम भागात जॅक इन द बॉक्स या साखळीतल्या अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई. कोलाय ओ१५७ : एच७ हा जंतू पसरला, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. पुढच्याच वर्षी तिथल्या कृषी खात्याने कच्च्या गोमांस खिम्यात हा जंतू आढळल्यास तो माल भेसळयुक्त ठरवायचा निर्णय घेतला.

गोमांस किंवा मटणाच्या पॅटीच्या मध्यभागी ७१ अंश सेल्सिअस, म्हणजे तुमच्याकडचे १६० अंश फॅरनहाइट, आणि चिकन किंवा टर्कीच्या पॅटीत ७४ अंश, म्हणजे १६५ फॅरनहाइट तापमान यायला हवे. रंगावर भिस्त ठेवू नका : काही खिमा या तापमानाच्या आधीच तपकिरी होतो. थर्मामीटरची सुई पॅटीच्या बाजूने मधोमध घाला. लहान मुले, गरोदर बाई आणि म्हातारी माणसे यांच्यासाठी तर यात सूट नाहीच.

शंका : चिकनची पॅटी हाताला चिकटते आणि खाताना भुसभुशीत लागते. – एक वाचक, नाशिक

समाधान : छातीचा खिमा घेत असाल. बिनहाडाची तंगडी, शक्य असेल तर कातडीसकट, घ्या. चरबी तिथेच आहे. थापताना हाताला तेल लावा आणि थापलेल्या पॅट्या बटर पेपरवर अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. आच मटणापेक्षा किंचित कमी ठेवा, म्हणजे बाहेरून करपण्याआधी आत ७४ अंश गाठता येतील.

शंका : वाढदिवसाला पंचवीस बर्गर करायचे आहेत. पॅट्या आधी करून ठेवल्या तर चालतील का? – एक वाचक, बोरिवली

समाधान : चालतील, पण कच्च्या आणि बिनमिठाच्या. दोन पॅट्यांमध्ये बटर पेपर घालून हवाबंद डब्यात ठेवा. फ्रीजमध्ये जास्तीत जास्त दोन दिवस, फ्रीझरमध्ये तीन-चार महिने. गोठलेल्या पॅट्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवा, ओट्यावर ठेवून वितळवू नका.

बटाट्याच्या आणि राजम्याच्या पॅटीबद्दलही विचारणा आहे. तिचे शास्त्र पूर्ण वेगळे. तिथे धरून ठेवायचे काम पिष्ट करते, त्यामुळे ब्रेडचा चुरा, पोहे, आतले मीठ-मसाले सगळे हवेच. तिच्यासाठी स्वतंत्र पत्र लिहा.

बाकीच्यांना एकच आग्रह. पुढच्या खेपेला चार पॅट्या नुसत्या मीठ-मिरीच्या करा आणि आधी बन, चीज, सॉस यांच्याशिवाय एक तुकडा खाऊन बघा. त्यानंतरही गरम मसाल्याची आठवण झाली तर खुशाल घाला, मात्र बनवरच्या चटणीत.