सीसी वायनन्स : कीर्ति आणि सेवा

गळा गोड असला म्हणजे नांव झालेंच पाहिजे, आणि झालेलें नांव सतत गाजत राहिलें पाहिजे, अशी समजूत आज घरोघरीं दिसते. संमेलनांत मुलाचें एक गाणें रंगलें कीं त्याच्या ध्वनिमुद्रिकेची गोष्ट निघते. म्हणून तुमच्या व तुमच्या आईबापांच्या विचारासाठीं अमेरिकेंतील एका ख्रिस्ती गायिकेचा वृत्तांत येथें देत आहों.

सीसी वायनन्स हिचा जन्म १९६४ सालीं डेट्रॉइट शहरांत झाला. दहा भावंडांत ती आठवी. तिच्या आधींचे सातही मुलगे, म्हणून ती घरांतील पहिली कन्या. त्या घरांत ईश्वरस्तुतीचेंच गाणें चाले. तिच्या चार वडील बंधूंच्या 'द वायनन्स' या गायकसंघाचा पहिला गीतसंग्रह १९८१ त निघाला. पुढें सीसी व तिचा भाऊ बीबी हीं दोघें एका ख्रिस्ती दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या गायकवृंदांत गाऊं लागलीं. तेथें एका चित्रपटगीताचे शब्द बदलून त्यांनीं त्याची प्रार्थना केली, आणि १९८४ त त्याच गीताच्या नांवानें त्यांचा पहिला संग्रह प्रसिद्ध झाला. १९९१ च्या 'डिफरंट लाइफस्टाइल्स' या संग्रहांतील दोन गीतें तर तेथील लोकप्रिय गीतांच्या एका यादींत अग्रस्थानीं पोहोंचलीं. मंडळीबाहेरचे श्रोतेही त्यांचीं गीतें आवडीनें ऐकूं लागले.

अशा भरभराटींत १९९५ सालीं सीसीनें 'अलोन इन हिज प्रेझेन्स' हा आपला एकटीचा पहिला संग्रह काढला. लोकांस नाचविणारी चाल तिनें त्यांत घेतली नाहीं. उपासनेंतील जुनीं, शांत गीतें घेतलीं. त्यास ग्रॅमी पारितोषिक मिळालें. १९९९ त 'अलाबास्टर बॉक्स' निघाला. प्रभूच्या चरणांवर सुगंधी तेल ओतणाऱ्या स्त्रीची कथा शुभवर्तमानांतून तुम्हांस ठाऊक आहेच.

यानंतरचा भाग आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. २००९ त बीबीसह केलेल्या 'स्टिल' या संग्रहानंतर तिच्या ध्वनिमुद्रणाचा ओघ मंदावला. २०१२ त तिनें व तिच्या पतीनें नॅशव्हिल येथें एक मंडळी स्थापन केली, आणि ती त्या सेवेंत रमली. जग अशा वेळीं म्हणतें, "हिचे दिवस संपले." परंतु २०१७ त तिच्या मुलाच्या साह्यानें तयार झालेला नवा संग्रह आला, व पुढच्या वर्षीं त्यास दोन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. २०२१ चा 'बिलीव्ह फॉर इट' हा श्रोत्यांसमक्ष मुद्रित केलेला तिचा पहिला संग्रह होय. २०२२ त तिला आणखी तीन पारितोषिकें मिळालीं. तेव्हां तिचें वय सत्तावन्न होतें.

हें लिहितांना आम्हांस आमचीही चूक आठवते. गायनाच्या चढाओढीसाठीं मुलें निवडतांना आम्हीं पुष्कळदां ढालीकडेच पाहिलें, आणि मागल्या रांगेंत मन लावून गाणाऱ्यांस घरीं पाठविलें. सकाळच्या प्रार्थनेंत त्यांचा आवाज निराळा ओळखूं येत नाहीं. पण तीं नसलीं म्हणजे गाणें पोकळ वाटतें. मुलांनो, ध्वनिमुद्रिका हें फळ होय, नित्याचें गाणें हें मूळ. फळाचा हंगाम असतो. मुळास मात्र बारा महिने पाणी घालावें लागतें.